जुलाब लागल्यावर प्रोबायोटिक: ती छोटी बाटली नेमकं काय करते?

ज्यांचा डेटा संपलाय किंवा ज्यांना बसमध्ये आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी जसं बोललो तसं.

आजचा विषय ढोकीहून आला. धाराशिव जिल्ह्यातलं ढोकी, तेरणा साखर कारखान्याचं गाव. शेजारीच गोरोबाकाकांचं तेर. तिथल्या एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली. म्हणाला, "दादा, पुतणीला दोन दिवस जुलाब लागले होते, दीड वर्षाची आहे. मेडिकलमधून त्या पाच-पाच मिलीच्या चार बाटल्या आणल्या. त्यात चांगले जंतू असतेत म्हणे. आता जंतूनंच आजार होतो, मग जंतू पाजून बरा कसा होईल? अन् वहिनी म्हणती, ताकात बी तेच असतंय, पैसे कशाला घालायचे?"

पुतणी बरी आहे, हे आधी सांगून टाकतो. पण त्या दोन मिनिटांच्या नोटमध्ये एक शब्द कुठेच आला नाही, आणि माझं लक्ष त्यावरच अडकलं. तो शब्द म्हणजे ओआरएस. त्याच्याकडे येतोच. आधी बाटली.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या छोट्या बाटल्यांवर, एंटेरोजर्मिना म्हणा किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या कुठल्या, बहुतेक वेळा बॅसिलस क्लॉसाय असं नाव असतं. पाच मिलीत दोनशे कोटी बीजाणू, असंही छापलेलं असतं. आता ही गंमत ऐका. शास्त्राच्या पुस्तकात हे नाव आता बदललंय, आणि ते बदललंय पुण्यातून. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर माहीत आहे ना? उल्का पडून झालेलं, खारट आणि साबणासारख्या अल्कधर्मी पाण्याचं. त्या पाण्यातून पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रातल्या संशोधकांनी एक नवा जीवाणू वेगळा काढला. त्याचं घराणं कुठलं हे ठरवण्यासाठी त्यांनी जवळच्या सगळ्या जीवाणूंचे जनुकीय नकाशे ताडून पाहिले, तेव्हा लक्षात आलं की एका नावाखाली भलतेच लोक कोंबलेले आहेत. २०२१ साली त्यांनी त्या घराण्याच्या सात नव्या वाटण्या केल्या. त्यातल्या एका वाटणीला नाव दिलं शौचेला, पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्यावरून. क्लॉसाय त्या घरात गेला. म्हणजे बाटलीतल्या जंतूचं आजचं नाव शौचेला क्लॉसाय. तो लोणारचा नाही, गैरसमज नको. पण त्याचं बारसं मराठी मुलखात झालं एवढं खरं. पाकिटांवर बऱ्याच ठिकाणी अजून जुनंच नाव दिसतं.

बीजाणू म्हणजे काय, तर जंतूनं स्वतःभोवती कवच घालून घेतलेली झोप. बियाणं पोत्यात पडून राहतं आणि ओल मिळाली की उगवतं, तसंच. त्यामुळे मे महिन्यात पारा ४२ वर गेला आणि बाटली पिशवीत राहिली, तरी हा जंतू सहसा मरत नाही. जठरातल्या आम्लातूनही निभावून जातो. लॅक्टोबॅसिलस जातीच्या जंतूंचं असं नसतं. ते नाजूक. त्यांच्या पुड्या-गोळ्यांवर 'थंड जागी ठेवा' लिहिलेलं असेल तर ते मनावर घ्यायचं, आणि गरम दुधात तर अजिबात कालवायचं नाही. लोडशेडिंगमध्ये फ्रीज सहा तास बंद राहणाऱ्या दुकानातून आणलेल्या पुडीत जिवंत किती उरले असतील, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. विचारायला हवा.

आता मूळ शंका. जंतूवर जंतू का?

आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू कायमचे राहतात आणि बहुतेक निरुपद्रवी किंवा कामाचे असतात. बाहेरून आलेल्या उपद्रवी जंतूला तिथं बूड टेकायला जागा आणि खायला अन्न लागतं. आधीच गर्दी असेल तर त्याला ते सहज मिळत नाही. शिवाय काही जंतू आम्ल तयार करतात, काही आतड्याच्या अस्तरातल्या संरक्षण पेशींना जागं ठेवतात. प्रोबायोटिक देण्यामागचा हिशोब हाच: आपल्या बाजूची माणसं बाहेरून आणून गाडीतल्या सीटवर बसवायची. डोक्याला पटतं. पण पटणारी गोष्ट खरी असतेच असं नाही, म्हणून तपासावं लागतं.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दह्यातल्या जंतूंचे गोडवे गायले. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून एक जंतू काढला, कारण सोबतचे सगळे जुलाबानं आडवे पडलेले असताना हा गडी ठणठणीत होता. तो जंतू आजही औषध म्हणून विकला जातो. पुढे १९२० च्या दशकात आंरी बूलार या फ्रेंच माणसानं इंडोचायनात पाहिलं की पटकीच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली उकळून पितात. त्यातून त्याला मिळालं एक यीस्ट, सॅकॅरोमायसिस बूलार्डी. मेडिकलमध्ये पुडीत मिळतं ते हेच. हा जीवाणू नाही, यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकनं मरत नाही. हे पुढे कामाला येईल.

बरं, मग उपयोग होतो का?

इथे एका शब्दात उत्तर देणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय असं समजा. कारण 'प्रोबायोटिक' हे एका औषधाचं नाव नाही. 'गोळी' म्हटल्यावर जेवढं कळतं तेवढंच 'प्रोबायोटिक' म्हटल्यावर कळतं. कुठला जंतू, त्यातला कुठला वाण, किती कोटी आणि कुठल्या जुलाबासाठी, हे सगळं बघावं लागतं.

आपल्याच देशातले दाखले घेऊ. कोलकात्याच्या वस्तीत एक ते पाच वर्षांच्या साडेतीन हजारांहून जास्त मुलांना बारा आठवडे रोज एक पेय दिलं. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा असलेलं, म्हणजे याकुल्टमध्ये असतो तो जंतू, आणि निम्म्यांना तसंच दिसणारं साधं पेय. एकूण चोवीस आठवडे लक्ष ठेवलं. जंतूवाल्या गटात ६०८ मुलांना जुलाब झाले, साध्या गटात ६७४. म्हणजे १४ टक्के कमी. २०११ साली हे छापून आलं. त्याच वर्षी कोलकात्यातलाच दुसरा अभ्यास आला, बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्सचा. हा जंतू आपल्याकडे कितीतरी गोळ्यांमध्ये असतो, जुनी मंडळी त्याला लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स म्हणतात. पाण्यासारखे जुलाब झालेल्या लहान मुलांना तो दिला, आणि काहीही फरक पडला नाही. शहर एक, वर्ष एक, जंतू वेगळा, काम वेगळं, निकाल वेगळा. दिल्लीत २०१४ च्या एका अभ्यासात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी दिल्यावर जुलाब ७८ तासांऐवजी ६० तासांत थांबले. अठरा तास वाचले. रात्रभर पोर घेऊन बसणाऱ्या आईला अठरा तास कमी नसतात, हे मान्य.

पण २०१८ साली अमेरिका आणि कॅनडात दोन मोठे प्रयोग एकाच वेळी छापून आले. मिळून अठराशेच्या वर मुलं. अमेरिकेतल्या प्रयोगात जंतू दिल्लीतलाच, जीजी. फरक शून्याजवळ. त्यानंतर २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं जगभरातले ८२ अभ्यास, बारा हजारांवर रुग्ण, एकत्र मांडले. याच संस्थेनं दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं की जुलाब साधारण एक दिवसानं कमी होतात. आता म्हणाले, दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब राहणाऱ्यांच्या संख्येत बहुधा फारसा फरक पडत नाही. छोटे, सैल अभ्यास आशादायक निघाले होते आणि मोठे, काटेकोर अभ्यास आले तशी आशा ओसरली. वैद्यकात हे नेहमी होतं.

माझं मत विचाराल तर: अचानक लागलेल्या पाण्यासारख्या जुलाबात प्रोबायोटिक ही जास्तीची गोष्ट आहे. डॉक्टरनं लिहून दिली आणि परवडत असेल तर द्या. चांगल्या तब्येतीच्या मुलाला सहसा अपाय होत नाही. पण तेवढेच पैसे खिशात असतील तर ती यादीत तिसऱ्या नंबरवर येते. आधीचे दोन नंबर कुणाचे, ते सांगतोच.

एका ठिकाणी मात्र प्रोबायोटिकची बाजू खरोखर भक्कम आहे, आणि ती जाहिरातीत क्वचित ऐकू येते. अँटिबायोटिक घेतल्यामुळे लागणारे जुलाब. घसा दुखला, कान फुटला, पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला आणि तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. कारण अँटिबायोटिक शत्रू आणि शेजारी यात फरक करत नाही, आतड्यातली आपली वस्तीही झोडपून काढतं. मुलांवरचे ३३ अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं की नुसतं अँटिबायोटिक घेणाऱ्या शंभरातल्या १९ मुलांना जुलाब झाले आणि सोबत प्रोबायोटिक घेणाऱ्यांत आठ. हा फरक डोळ्यांत भरतो. यात जास्त भरवशाचे ठरले ते ऱ्हॅम्नोसस जीजी आणि बूलार्डी यीस्ट, तेही भरपूर मात्रेत, रोज पाचशे कोटी किंवा त्याहून जास्त. सुरुवात अँटिबायोटिकसोबतच करायची, पोट बिघडल्यावर नाही. आणि जीवाणू असेल तर अँटिबायोटिकच्या डोसपासून दोनेक तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं नांगर फिरवायचा. बूलार्डी यीस्ट असल्यानं त्याला ही भीती नाही.

इथे एक कडू गोष्ट. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, तिथे अँटिबायोटिक लागतच नाही. तरी ते दिलं जातं, त्यानं पोट अजून बिघडतं, मग ते सावरायला प्रोबायोटिक. एका चिठ्ठीवर दोन्ही. पहिलं नसतं तर दुसऱ्याची गरज पडली नसती.

वहिनींचं ताक. वहिनी अर्ध्या बरोबर आहेत. दह्या-ताकात जिवंत जंतू असतात, प्रश्नच नाही. पण प्रोबायोटिक म्हणायला ठराविक वाण ठराविक संख्येनं हवा आणि त्याचा फायदा तपासलेला हवा. घरच्या विरजणात कुठले जंतू आहेत हे घराघरात बदलतं, ऋतूप्रमाणेही बदलतं. म्हणून ताक हे औषध नाही. पण जुलाबात ते चांगलं अन्न आहे, आणि कारण साधं आहे. जुलाबात आतड्याच्या अस्तराची टोकं झिजतात, तिथंच दुधातली साखर पचवणारा पाचक रस तयार होतो. म्हणून काही मुलांना काही दिवस दूध पचत नाही. दह्यात ती साखर जंतूंनी थोडीफार आधीच खाल्लेली असते. शिवाय ताक म्हणजे पाणी आणि मीठ. सहा महिन्यांवरच्या मुलाला पातळ, किंचित मिठाचं, ताजं ताक, तांदळाची पेज, ज्वारीची पातळ कण्या-आंबील खुशाल द्या. त्याहून लहान असेल तर अंगावरचं दूध चालू ठेवा, ते बंद करायचंच नाही. 'पोटाला आराम' म्हणून उपाशी ठेवणं हा जुना समज, तो सोडून द्या.

आता त्या न आलेल्या शब्दाकडे.

जुलाबानं मूल दगावतं ते बहुतेक वेळा जंतूमुळे थेट नाही, शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. दहा किलोच्या पोरातून एक लिटर पाणी गेलं तर ते त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा. आणि आतड्याची एक करामत अशी की जुलाब चालू असतानाही साखर आणि मीठ जोडीनं शोषून घेणारं दार उघडं राहतं. नुसतं मीठ गेलं तर फारसं आत जात नाही, नुसतं पाणीही नाही. साखरेचा हात धरून मीठ आत जातं आणि त्यामागून पाणी. ओआरएस म्हणजे हे दार उघडणारी किल्ली. त्यातली साखर चवीसाठी नाही.

१९७१ साली बांगलादेश युद्धातून लाखो निर्वासित बंगालमधल्या बनगावला आले आणि छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मिसळलेलं पाणी पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, कपानं पाजत राहा. जिथं शंभरातले तीसएक मरत होते तिथं हा आकडा ३.६ वर आला. डॉक्टरसाहेब २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. यात कुठेही चांगला जंतू नव्हता, हे लक्षात घ्या.

मग लोक ओआरएस का आणत नाहीत? माझा अंदाज: ओआरएस जुलाब थांबवत नाही. पाकीट पाजलं तरी पोर संडासला जातच राहतं आणि घरच्यांना वाटतं, औषध लागू पडेना. बाटलीनं 'थांबवण्याचं' आश्वासन दिलेलं असतं. दुसरं कारण अंदाज नाही, मोजलेलं आहे. आपल्या शेजारचं कर्नाटक आणि बिहार इथे दोन हजारांहून जास्त खाजगी डॉक्टर-दवाखान्यांत संशोधकांनी शिकवून पाठवलेली माणसं गेली, घरी मुलाला जुलाब आहेत असं सांगत. २०२४ मध्ये निकाल आला. ओआरएस न लिहिण्याचं सगळ्यात मोठं कारण, ४२ टक्के वाटा, हे निघालं की डॉक्टरला वाटतं, पेशंटला ओआरएस नकोय. दुकानात माल नसणं किंवा औषध विकून मिळणारा फायदा यांचा वाटा पाच-सहा टक्के. आणि ज्या 'पेशंट'नं मला ओआरएस हवंय असं दाखवलं, त्याला ते लिहून मिळण्याचं प्रमाण २७ टक्के गुणांनी वाढलं. म्हणजे काउंटरवर उभं राहून "ओआरएस आणि झिंक द्या" एवढं म्हणणं पुरतं.

हेच ते पहिले दोन नंबर. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. विकतच्या पाण्याची लिटरची बाटली मापाला उत्तम. चिमूटभर पूड पेल्यात टाकायची पद्धत चुकीची आहे. फार घट्ट झालं तर अंगातलं मीठ वाढतं, फार पातळ झालं तर उपयोग नाही. पाणी उकळून गार केलेलं, आणि चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला त्याच्या दुप्पट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं. झिंकची गोळी सहा महिन्यांवर २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. त्यानं हे जुलाब लवकर आटोपतात आणि पुढचे काही महिने परत लागण्याची शक्यता कमी होते. प्रोबायोटिकबद्दल जे दावे ऐकतो ते झिंकनं खरे करून दाखवलेत, पण त्याची जाहिरात कोण करणार? दोन्ही गोष्टी आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालं ६०.६ टक्क्यांना आणि झिंक फक्त ३०.५ टक्क्यांना.

मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा-सात तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू जागेवर जाते, शीमधून रक्त पडतंय, पाणी पोटात ठरतच नाही, यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नका, मोटरसायकल काढा. अशा वेळी प्रोबायोटिक शोधत बसायचं नसतं.

आणि एक सावधगिरी. वेळेआधी जन्मलेलं बाळ, कॅन्सरचे उपचार चालू असलेला माणूस, मानेत किंवा छातीत नळी घातलेला पेशंट, यांना प्रोबायोटिक स्वतःच्या मनानं देऊ नका. अशांच्या रक्तात हेच 'चांगले' जंतू शिरून गंभीर आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

प्रतिबंधाचं काय? कोलकात्याचे १४ टक्के आठवा. त्यासाठी तीन महिने रोज एक बाटली लागली होती. ढोकीच्या आसपास गळीत हंगामात कोप्या पडतात, ऊसतोडीला आलेल्या आयांची पोरं फडात असतात, पाणी कुठल्या टाकीतून येतं ते कुणी सांगू शकत नाही. तिथं रोज पेयाची बाटली हा सल्ला देणं मला तरी जमणार नाही. हाच भाग आहे जिथून २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पाणीच कमी असलं की हात धुण्यावर पहिली काट बसते. तिथं झाकलेला हंडा, लांब दांड्याचा ओगराळा, टँकरच्या पाण्यात मेडिक्लोर आणि संडासनंतर साबण यांचा हिशोब जास्त जमतो. आणि रोटाव्हायरसची लस. ती २०१९ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात फुकट आहे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे. देशात वापरात असलेल्या लसींपैकी एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते. घरात तान्हं असेल तर कार्ड उघडून बघा, तीन थेंब-डोस झालेत का.

शेवटी मेडिकलमधली एक खबरदारी. टेट्रापॅकमधलं गोड, फळाच्या चवीचं पेय बरीच वर्षं ओआरएस म्हणून हातात पडायचं. साखर कितीतरी जास्त, मीठ कमी, आणि जुलाबात जास्त साखर म्हणजे आणखी जुलाब. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या विरोधात कित्येक वर्षं भांडत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयनं आदेश काढला की अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायचा नाही. तरी दुकानदारानं सवयीनं तेच पुढे केलं, तर पाकीट उलटं करून वाचा: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार, असं लिहिलेलं हवं.